मारायचं नाही, मग करायचं काय? गृहमातांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाबद्दल

महिन्याभरात तीन बालगृहांतल्या मैत्रिणींचे फोन आले आणि तिघींचा प्रश्न एकच. "ताई, ते शिस्तीचं ट्रेनिंग तुम्ही केलंत म्हणे. जायच्या लायकीचं आहे का, की नुसतंच सर्टिफिकेट?" तिघींना तीनदा सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकते.

मी मुलींच्या बालगृहात १४ वर्षं गृहमाता आहे. ४२ मुली, दोन हॉल. दिवसा आम्ही तिघी असतो. रात्री मी एकटी किंवा माझी जोडीदारीण एकटी, आणि फाटकावर वॉचमनकाका. जिल्हा कुठला ते लिहीत नाही आणि मुलींची ओळख पटेल असंही काही लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्यासाठीच आहे, आणि ते मला या प्रशिक्षणाच्या आधीपासून माहीत होतं, एवढं श्रेय तरी द्या. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचंही नाव घालत नाही, कारण पुढं थोडी गाऱ्हाणी येणार आहेत. ज्यांना जायचंय त्यांना फोनवर सांगेन.

आधी व्यवहाराचं. माणशी १,८०० रुपये, त्यात दोन दिवस राहणं-जेवणं, ठिकाण पुणे. पैसे आमच्या संस्थेनं भरले, एसटीचं अर्धं तिकीट मी काढलं. राहायची खोली स्वच्छ होती, पण एका खोलीत सहा जणी आणि पंखे दोन. चादर घरून न्या. चहा म्हणजे औषध मोजायच्या टोपणाएवढा. जेवणात दोन्ही दिवस पनीर. आम्ही ३१ जण होतो. बहुतेक बालगृहांतल्या बायका, दोन स्वयंपाकीण, आणि निरीक्षणगृहातले, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं ठेवतात तिथले, सात पुरुष काळजीवाहक. अधीक्षक एकही नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पहिल्या दिवशी दहा वाजता एक मॅडम आल्या. ओळखपरेड नाही, दीपप्रज्वलन नाही, तिथंच मला त्या आवडल्या. प्रत्येकाला दोन कोरे कागद दिले. एकावर लिहायचं, लहानपणी तुम्हाला मिळालेल्या शिक्षा. दुसऱ्यावर, गेल्या वर्षभरात तुम्ही मुलांना दिलेल्या शिक्षा. नाव घालायचं नाही. सगळे कागद गोळा करून भिंतीवर दोन रांगांत चिकटवले आणि म्हणाल्या, चहा घेता घेता वाचून या.

पहिल्या रांगेत होतं ते तुम्हालाही पाठ असेल. अंगठे धरून उभं राहणं, उठाबशा, फोकानं पोटऱ्यांवर मार, गुडघ्याखाली खडे, कान पिरगाळणं. दुसऱ्या रांगेत खड्यांऐवजी "सिमेंटवर गुडघ्यावर बसवलं" होतं. बाकी बरंचसं तेच. फोकाच्या जागी लाटणं. मग काही नवीन: एक वेळचं जेवण बंद, बाथरूममध्ये कोंडणं, सगळ्या हॉलचा टीव्ही बंद, रविवारचा फोन बंद, मोठ्या मुलीला सांगून धाकटीला "समज देणं". एका कागदावर फक्त एवढंच होतं, "मी मारत नाही, मी बोलत नाही. चार दिवस बोलत नाही." त्या कागदापुढं बरेच जण थांबले.

माझ्या कागदावर "रविवारचा फोन बंद" होतं. त्याच्याकडं परत येते.

दुपारपर्यंतचा भाग कायद्याचा. एक तरुण वकील आला. त्याचं ज्ञान पक्कं, पण पडद्यावर सगळं इंग्रजी आणि तोच ते वाचून दाखवणार. अर्ध्या तासानं आमच्यातली एक स्वयंपाकीण सरळ उठून म्हणाली, "साहेब, हे मराठीत सांगता का? तुरुंगात आम्हाला जायचंय." सगळे हसले, तोही हसला, आणि मग खरंच नीट सांगितलं. मराठी टिपण मात्र शेवटपर्यंत मिळालं नाही. १,८०० रुपयांत आठ पानांची झेरॉक्स यायला हवी होती. मी वहीत उतरवलं ते असं.

बाल न्याय कायदा २०१५ चा. त्यात शारीरिक शिक्षेची व्याख्याच दिली आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून, किंवा शिस्त लावायला, सुधारायला म्हणून, मुलाला मुद्दाम वेदना देणं. म्हणजे "तिच्या भल्यासाठी मारलं" हा बचाव व्याख्येतच संपला, कारण भल्यासाठी मारणं यालाच तिथं शिक्षा म्हटलंय. कलम ८२ प्रमाणे संस्थेतल्या माणसानं अशी शिक्षा केली तर पहिल्यांदा १०,००० रुपये दंड. पुन्हा केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि दोषी ठरला की नोकरीवरून काढता येतं, पुढं मुलांबरोबर थेट काम करायला बंदी. माझं मानधन ११,५०० आहे. १०,००० ऐकल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मानधनाचा हिशेब करणाऱ्यांची होती.

मग कुणीतरी विचारलंच. हात लावला नाही तर? बाथरूममध्ये कोंडलं, जेवण बंद केलं, तर व्याख्येत बसतं का? वकील म्हणाला, तिथं नाही बसलं तर कलम ७५ आहे. मुलाला मारहाण, छळ, जाणूनबुजून हेळसांड, ज्यामुळं त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल, ते सगळं क्रौर्य. एरवी त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण ज्याच्यावर मुलाची जबाबदारी सोपवलीय अशा संस्थेतल्या माणसानं केलं तर सक्तमजुरी पाच वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत. म्हणजे छडी टाकून उपाशी ठेवणाऱ्यांनी आपण सुधारलो असं समजू नये. हे मी माझ्यासाठी अधोरेखित केलं.

आणखी एक त्यानं घाईघाईत सांगितलं आणि पुढं गेला, पण मी त्याला मागं आणलं. कलम ८२ चं तिसरं पोटकलम. संस्थेत अशी शिक्षा झाल्याची तक्रार आली आणि व्यवस्थापनानं चौकशीत सहकार्य केलं नाही, किंवा बालकल्याण समितीचे, बाल न्याय मंडळाचे, कोर्टाचे, सरकारचे आदेश पाळले नाहीत, तर व्यवस्थापनाच्या प्रमुखाला कमीत कमी तीन वर्षं. जास्तीत जास्त नाही, कमीत कमी. वर एक लाखापर्यंत दंड. मारणारीला पहिल्यांदा दंड आणि झाकणाऱ्याला तीन वर्षं! मला कायदा करणाऱ्यांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. आमच्या सचिवांना हे पोटकलम मी व्हॉट्सॲपवर पाठवलं आहे. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

निरीक्षणगृहातले एक काका मग भडकले. "मॅडम, तुमच्याकडं पोरी आहेत. आमच्याकडं मिशा फुटलेली पोरं. एक दुसऱ्याच्या डोक्यात बादली घालतोय, तेव्हा मी काय व्याख्या वाचू?" मला वाटलं आता प्रवचन येणार. पण पहिल्या मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "बादली हिसकावून घ्या. हात धरा. लागलं तर दोघं मिळून धरा. ती शिक्षा नाही. शिक्षा तेव्हा होते, जेव्हा बादली खाली पडल्यावरही तुम्ही हात सोडत नाही."

बादली खाली पडल्यावर. मी १४ वर्षांत हा फरक कुणाकडून ऐकला नव्हता. आमच्याकडं दोनच शब्द होते, मारलं आणि नाही मारलं. मधली जी धराधरी आहे, दंड पकडून ओढत नेणं, भिंतीला दाबून धरणं, त्याला नावच नव्हतं. नाव नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून ते झालंच नाही.

दुपारचं सत्र याच धराधरीचं होतं आणि माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणातलं तेच सगळ्यांत मोलाचं आणि सगळ्यांत आखडतं घेतलेलं. ते घेणारे गृहस्थ मनोरुग्णालयात बरीच वर्षं काम केलेले. गादी अंथरली. पोटावर पालथं पाडायचं नाही. छातीवर, पाठीवर वजन टाकायचं नाही. मानेला हात नाही. बसवलं असेल तर पुढं वाकवून दाबायचं नाही. एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. श्वासाकडं सारखं लक्ष. आणि "मला श्वास घेता येत नाहीये" हे वाक्य आलं की ते नाटक आहे का याचा विचार करायचा नाही, सोडायचं.

या शेवटच्या वाक्यावर कुजबुज झाली, कारण नाटकं आम्ही सगळ्यांनीच पाहिली आहेत. तेव्हा त्यांनी इंग्लंडमधली एक गोष्ट सांगितली. २००४ सालची. रेन्सब्रुक नावाचं मुलांसाठीचं बंदिस्त केंद्र. गॅरेथ मायट नावाचा १५ वर्षांचा मुलगा, वजन जेमतेम ४१ किलो. सँडविचचा टोस्टर साफ करायला नाही म्हणाला. त्याला खोलीत पाठवलं, मागोमाग माणसं गेली, त्याच्या वस्तू काढून घेऊ लागली. त्यात एक कागद होता, त्याच्यावर आईचा फोन नंबर. त्यावरून तो उसळला आणि तिघांनी त्याला बसलेल्या अवस्थेत धरलं. ती पकड त्या काळी मान्यताप्राप्त होती, तिला नाव होतं, तिचं प्रशिक्षण दिलं जायचं. तो सांगत होता श्वास घेता येत नाही. तो वारला. नंतर त्या पकडीवर बंदी आली.

४१ किलो म्हणजे आमच्याकडची आठवी-नववीतली मुलगी. आणि टोस्टरच्या जागी आमच्याकडं ताट घासणं असतं, बाकी गोष्ट तीच. वस्तू काढून घेणं तर आम्ही शिक्षा म्हणून धरतच नाही.

गाऱ्हाणं हे, की एवढं सगळं सांगून प्रत्यक्ष सरावाला उरली ४० मिनिटं. ३१ जणांतून सहा जणांनी गादीवर करून पाहिलं, बाकीच्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं. बायका-पुरुष एकत्र, आम्ही निम्म्या जणी साडीत. जाणार असाल तर पंजाबी ड्रेस घाला आणि पुढच्या रांगेत बसा. धरायचं कसं हे पाहून येत नाही, पोळी पाहून लाटता येत नाही तसंच. अर्धंमुर्धं शिकून गेलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा धोक्याचा, कारण त्याला वाटतं आपल्याला येतं.

मी एक प्रश्न विचारला. आमच्याकडं काही मुली अशा आहेत, की ज्यांच्याबरोबर घरी जे झालं त्यामुळंच त्या इथं आल्या. अशा मुलीला मागून कवळ घातली तर तिला आम्ही दिसत नाही, तो माणूस दिसतो. तिला धरायचं कसं? गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, "शक्यतो धरायचंच नाही. मुलीला हलवू नका, बाकीच्यांना हलवा." म्हणजे खोली रिकामी करायची. बघ्या मुली बाहेर, काच, कात्री, बादल्या बाहेर. मग तुम्ही दारात, तिला दिसाल अशा, तिच्यापेक्षा खाली बसलेल्या. तिला जायला वाट मोकळी.

१,८०० रुपये या एका वाक्याचे.

परत आल्यावर बाराव्या दिवशी मला ते लागलं. रात्रीचे साडेअकरा, दोघींची भांडणं, त्यातली एक खिडकीच्या गजावर डोकं आपटायला लागली. एरवी मी तिला मागून धरलं असतं, तिनं मला चावलं असतं, मी एक ठेवून दिली असती, आणि सकाळी दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नसतं. या वेळी बाकीच्या २० जणींना ब्लँकेटं घेऊन व्हरांड्यात काढलं. थंडी होती, कुरकुर झाली, धाकट्या रडल्या. तिच्या डोक्यामागं मी उशी सरकवली आणि दारात बसले. अर्धा तास ती शिव्या देत होती. सव्वाबाराला म्हणाली, "पाणी." ही पद्धत दर वेळी चालेल असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात व्हरांडा गळतो, तेव्हा २० जणींना कुठं काढणार?

आता त्या फोनबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी वेगवेगळ्या देशांतले नियम दाखवले. मला तेव्हा झोप आली होती, खोटं कशाला बोलू. बाहेरच्यांचं बाहेर, असं डोक्यात. पण इंग्लंडच्या बालगृहांचे २०१५ चे नियम त्यांनी एकेक करून फळ्यावर मराठीत लिहिले आणि झोप उडाली. तिथं काय काय करायला बंदी आहे, तर: मारणं. खाण्यापिण्याशी जोडलेली कुठलीही शिक्षा. औषध किंवा डॉक्टर अडवणं. मुद्दाम झोपू न देणं. वेगळे किंवा विचित्र कपडे घालायला लावणं. अपंग मुलाचं साधन काढून घेणं. एका मुलाच्या हातून दुसऱ्याला शिक्षा करवणं. एकानं केलं म्हणून सगळ्यांना शिक्षा. आणि शिक्षा म्हणून आईवडिलांशी भेटणं-बोलणं बंद करणं.

भिंतीवरची दुसरी रांग अजून तिथंच होती. मॅडमनी काही न बोलता फळ्यावरच्या एकेका ओळीपुढं भिंतीवरच्या कागदांचे आकडे लिहिले. शेवटच्या ओळीपुढं ९ लिहिलं. त्या नवांत मी एक.

आमच्याकडं रविवारी प्रत्येकीला पाच मिनिटं फोन. ज्यांना घर आहे त्यांना. काही वर्षांपूर्वी एका मुलीनं ऑफिसातून पन्नास रुपये उचलले, तेव्हा मी तिचा दोन रविवारचा फोन बंद केला. मारलं नाही, ओरडले नाही. स्वतःला फार समजूतदार समजत होते. तिची आई उसाच्या टोळीबरोबर फिरणारी, दुसऱ्याच्या मोबाइलवरून बोलायची. पहिल्या रविवारी तिनं तीनदा फोन केला, मी सांगितलं, पुढच्या वेळी. तिसऱ्या रविवारी फोन आला नाही, टोळी पुढं गेलेली. तो नंबर पुन्हा लागायला दीड महिना गेला. ती मुलगी मला कधी काही बोलली नाही. तिचं आता लग्न झालंय, दिवाळीला फोन करते. मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

हे सगळं प्रशिक्षणात बोलले का? नाही. चहाच्या वेळी निरीक्षणगृहातल्या त्या भडकलेल्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडं तर मुलाखतच, घरच्यांची भेटच, बंद करतात, आणि ते आम्ही नाही करत." म्हणजे कोण करतं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा बाकीचा भाग बरा होता. आपल्याच बाल न्याय नियमांतली बालसमिती त्यांनी नीट समजावली: ६ ते १०, ११ ते १५, १६ ते १८ अशा वयोगटांच्या वेगळ्या समित्या, त्यांत फक्त मुलंच. सूचनापेटी ऑफिसाजवळ नको, मुलांच्या राहण्याच्या जागेजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडं, दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची. आमची पेटी अधीक्षकांच्या टेबलाच्या बरोब्बर समोर आहे आणि तिच्यात मागच्या तपासणीच्या वेळी पाल निघाली होती. नाटुकल्या करून दाखवायचं सत्र होतं, त्यात आमच्या गटानं "ताट फेकणारी मुलगी" केली. ताट फेकणारी मीच झाले. जमिनीवर बसून वर पाहिलं तर चार जणी कंबरेवर हात ठेवून माझ्यावर वाकलेल्या. खालून कसं दिसतं ते मला त्या दिवशी कळलं, हे कबूल करते.

मग आला खरा अडचणीचा प्रश्न, आणि तिथं प्रशिक्षण उघडं पडलं. कुणीतरी विचारलं, रात्री माणूस एक आणि मुलं पंचवीस, तेव्हा हे सगळं कोण करणार? उत्तर: "तुमच्या अधीक्षकांना लेखी कळवा." अहो, अधीक्षक इथं का नाहीत, हाच तर प्रश्न. धरायचं दोघांनी, बोलायचं तिसऱ्यानं, बाकीची मुलं सांभाळायची चौथ्यानं. चार माणसं आमच्याकडं दिवाळीलाही एका वेळी नसतात.

मनोरुग्णालयवाल्या गृहस्थांनी तेवढ्यात एक कामाची गोष्ट सांगितली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्यात कलम ९७. तो मनोरुग्णालयांसारख्या ठिकाणांना लागू आहे, बालगृहाला नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं. पण विचार करायला चांगला. त्यात एकांतकोठडीला बंदीच आहे. शारीरिक बंधन फक्त तेव्हा, जेव्हा तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नाही, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं. गरजेपेक्षा क्षणभर जास्त नाही. शिक्षा म्हणून किंवा जरब म्हणून कधीच नाही. नोंद हवी: कसं धरलं, का धरलं, किती वेळ. २४ तासांत रुग्णाच्या ठरलेल्या प्रतिनिधीला कळवायचं. आणि एक वाक्य मी दोनदा लिहून घेतलं: केवळ माणसं कमी आहेत म्हणून बंधन वापरता येणार नाही. साखळदंडाला तर त्याच कायद्यात कलम ९५ प्रमाणे पूर्ण बंदी.

माणसं कमी आहेत म्हणून. मनोरुग्णालयांसाठी कायद्यानं हे लिहून ठेवलं, आणि आमच्याकडं रात्री ओढणीनं मनगट कॉटला बांधणं ज्यामुळं घडतं ते कारण हेच. आमच्या बालगृहात नाही, पण मी ज्या ठिकाणी सुरुवातीला सहा महिने काम केलं तिथं मी डोळ्यांनी पाहिलंय. बांधणारी बाई वाईट नव्हती. तिला हॉलच्या दुसऱ्या टोकाला ताप आलेल्या पोरीजवळ बसायचं होतं.

म्हणून पाचपैकी साडेतीन. एक गुण सरावाला वेळ न दिल्याबद्दल कापला, अर्धा मराठी टिपण न दिल्याबद्दल. अधीक्षकांना न बोलावल्याबद्दल आणखी कापणार होते, पण चौकशी केली तर कळलं की बोलावलं होतं, आले नाहीत. पनीरबद्दल काही कापलेलं नाही.

कुणी जावं? रात्रपाळीवाल्या सगळ्या जणींनी. स्वयंपाकिणीनं नक्की, कारण जेवण बंद करायचा निरोप तिच्याकडंच येतो आणि तिला "नाही" म्हणता यायला हवं. वॉचमननं. ज्यांना फक्त सर्टिफिकेट हवंय त्यांनीही जा, दुसऱ्या दिवशी चार वाजता मिळतं, लॅमिनेशन करून.

इंग्लंडच्या त्या नियमांतली एक गोष्ट आम्ही उचलली आहे, ती सांगते. तिथं मुलाला धरावं लागलं किंवा काही शिक्षा केली, तर २४ तासांत लिहायचं: काय झालं, आधी काय झालं होतं, धरण्याआधी दुसरं काय करून पाहिलं, किती वेळ, कुणाला लागलं का. ४८ तासांत वरिष्ठांनी त्या कर्मचाऱ्याशी बोलून सही करायची. आणि पाच दिवसांत त्या मुलाशी बोलून तसं नोंदवायचं. मी ऑफिसात नोंदवही मागितली तर मिळाली नाही. गेल्या वर्षीची किराणा मालाची वही होती, मागची साठ पानं कोरी. तीच घेतली. पहिल्या पानावर साबुदाणा पाच किलो, उलटी केली की आमच्या नोंदी.

त्या साडेअकराच्या रात्रीची नोंद पहिली. मी लिहिलं: कारण, वेळ, व्हरांडा, उशी, अर्धा तास, कपाळाला टेंगूळ, हळद लावली, सकाळी डॉक्टरांना दाखवलं. एका ओळीत असंही लिहिलं होतं, की "उशी सरकवताना तिनं मला चावलं." तिसऱ्या दिवशी तिला बोलावून वाचून दाखवलं. तिनं वही माझ्या हातातून घेतली, बोट ठेवून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "चावले नाही. चावायला आले होते." मी आठवून पाहिलं. खरंच, दात लागले नव्हते. ओळ खोडली नाही, खाली तिला लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, "चावायला गेले पण चावले नाही," आणि नाव घातलं, मोठ्या अक्षरांत, शाळेच्या वहीवर घालतात तसं.

अधीक्षकांची सही ४८ तासांत व्हायची होती. ती नवव्या दिवशी झाली. सहीशेजारी त्यांनी तारीख मागची घालायला घेतली होती, मी म्हटलं, "सर, आजचीच घाला."